वाळूतलं शिसं: वितळवू नका, विका

ही बादली बघा. अर्धीसुद्धा भरलेली नाही, तरी एका हातानं उचलत नाही. आत आहेत मासेमारीची शिशाची वजनं. गळ खडकात अडकतो, दोरा तुटतो, वजन तिथंच राहतं. शिसं पाण्याच्या अकरापट जड, म्हणून ते खळग्यांत आणि खडकांच्या बुडाशी साचतं. वादळानंतरच्या ओहोटीला मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं यंत्र) घेऊन तिथंच फिरा.

आता म्हणाल, डिटेक्टरवर शिशाचा सिग्नल गाळूनच टाकू की! मीही गाळायचो. पण शिसं आणि सोन्याच्या बऱ्याच अंगठ्या यांचा सिग्नल जवळपास सारखाच येतो. शिसं गाळलं की सोनंही गेलं. म्हणजे खणणं काही सुटत नाही, मग निघालेलं शिसं विकायला काय हरकत आहे?

इथं बहुतेकांना भट्टी आठवते. ३२७ अंशांना वितळतं, नवी वजनं ओतू! नको. वाळूतून आलेल्या तुकड्यात कुठंतरी ओल असतेच. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला की त्याची क्षणात वाफ होते आणि तापलेलं शिसं थेट तोंडावर उडतं.

आहे तसंच विका. हातमोजे घालून गोड्या पाण्यात भिजवा, जुन्या ब्रशनं ओलंच घासा. कोरडं घासलं तर पांढरी विषारी पूड उडते. व्हिनेगर तर अजिबात नको, त्यातून लेड ॲसिटेट बनतं, पाण्यात विरघळणारं विष. आणि चकचकीत करून दाखवायचं कुणाला, माशाला?

वजनाची कडी सैल किंवा तार गंजलेली असेल तर सरळ भंगारात. गळ फेकताना ते सुटलं तर कुणाचं तरी डोकं फुटेल. बाकीची तोलून एकसारख्या वजनाचे गठ्ठे करा. छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, झीज झालेली असते. गिऱ्हाईक किनाऱ्यावरच शोधा, कारण इतका जड माल पार्सलनं पाठवला तर नफा वाहतुकीतच जातो.

विकण्याआधी आपल्याकडचा नियम बघा. ब्रिटनमध्ये २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री १९८७ पासून बंद आहे. हंस ती गिळून मरायचे.

परवा एकानं रंगावरून स्वतःचंच वजन ओळखलं. त्याचे पैसे कसे घेणार? देऊन टाकलं.