वैरणीतला एक कार्बन

कोल्हापूर. गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस कट्ट्याला लागूनच बांधलीय. गवळी उकिडवा बसलाय, धार थेट पेल्यात पडतेय. फेस काठाशी आला की पेला तालमीतून आलेल्या पैलवानाच्या हातात. धारोष्ण दूध, हाताला कोमट लागतं.

या पेल्यात म्हशीनं खाल्लेली हिरवी वैरणही आहे. पानातल्या हरितद्रव्याला फायटॉलची लांब शेपटी असते. मेथी-पोकळा कितीही खाल्ला तरी आपल्या पोटात ती सुटी होत नाही. म्हशीच्या पोटातले जीवाणू ती तोडतात. तिचंच पुढं फायटॅनिक आम्ल होतं आणि दुधाच्या सायीत उतरतं. असतं थोडंसंच, पण येतं रोज.

साधं मेदाम्ल, म्हणजे चरबीतली कार्बनची साखळी, सरळसोट उसासारखं. पेशी टोकाकडून दोन-दोन कार्बनची कांडी तोडत जाते. फायटॅनिक आम्ल म्हणजे पांगशा फुटलेला ऊस! चार फुटवे, त्यातला एक नेमका तिसऱ्या कार्बनवर. कोयता तिथंच अडतो.

मग पेशी काय करते? मला सगळ्यात भावतं ते हेच. पेरॉक्सिझोम नावाच्या इवल्याशा कप्प्यात ती फक्त एकच कार्बन काढते. आधी लोहाच्या मदतीनं चालणारं एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन बसवतं. मग दुसरं विकर टोकाचा कार्बन सुटा करतं. त्याला ब१ जीवनसत्त्वाची साथ लागते. वीस कार्बनचे एकोणीस झाले. फुटवा आता दुसऱ्या कार्बनवर आला, आणि दोन-दोनची तोडणी सुरू झाली. तीन फेऱ्या इथंच होतात; त्यातल्या दोन फेऱ्यांत कांडीसोबत फुटव्याचा कार्बनही जातो. उरलेला ११ कार्बनचा तुकडा मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात जातो.

पहिलंच विकर जन्मतः बिघडलेलं असेल तर? आम्ल साठत जातं. नॉर्वेचे डॉक्टर सिग्वाल्ड रेफ्सम यांनी १९४० च्या दशकात असे रुग्ण नोंदवले: रातांधळेपणा, वास न येणं, लटपटणारे पाय. रक्तात साठणारं हे आम्ल मात्र १९६३ मध्ये सापडलं.

अशा रुग्णाला पालेभाजी चालते. वर्ज्य असतं ते दूध, तूप, मटणाचा रस्सा. आणि कडक उपवासही नकोच, कारण पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी वितळते आणि तिच्यात साठलेलं आम्ल एकदम रक्तात उतरतं.