कागदाची खुर्ची, नाचणीची पेज

[भायखळा. चर्चमागचा हॉल. टेबलावर रद्दी, पातेल्यात खळ.]

मैद्याची खळ. गणपतीची मखरं आणि आकाशकंदील करणाऱ्या घरांना ती नवी नाही. इथे मात्र तिच्यातून खुर्ची होणार आहे, आधाराशिवाय बसता न येणाऱ्या मुलासाठी. पुठ्ठ्यावर खळ, खळीवर वर्तमानपत्र, पुन्हा खळ. असे थर चढवून उन्हात वाळवले की हाताला लाकूड लागतं. हे तंत्र झिंबाब्वेचं, बेव्हिल पॅकर यांनी तिथे रुजवलेलं.

खळ ढवळणाऱ्या ताई ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, म्हणजे खाणं, बसणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या. शिकल्या परळच्या केईएममध्ये. आशियातली या विषयाची पहिली शाळा तिथेच निघाली, १९५० साली, आणि ती काढली कमला निंबकरांनी. त्या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. निंबकरांची सून होऊन आल्या आणि इथल्याच झाल्या. त्या मिशनरी नव्हत्या. पण आज दादरला असलेली अंधशाळा मिशनचीच. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी ती १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत सुरू केली.

"आपल्या मुलांसाठी कुणीतरी समुद्र ओलांडून आलं होतं," ताई म्हणतात. "मग आपण का नाही जायचं?"

[केनिया. लाल मातीचा रस्ता, पत्र्याचं छप्पर असलेलं चर्च.]

गेल्या वर्षी ताई आपल्या चर्चच्या मंडळीतल्या चौघांबरोबर तीन आठवडे केनियाला गेल्या. नैरोबीच्या वायव्येला, डोंगरकड्यावर किजाबे आहे. तिथे १९९८ पासून मिशनचं मुलांचं हॉस्पिटल चालतं. जन्मतः वळलेली पावलं दर आठवड्याला प्लॅस्टर बदलत सरळ करता येतात. सेरेब्रल पाल्सीला, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याला, असं प्लॅस्टर नाही. तिथे रोजचे हात लागतात, आणि तेही घरातले. म्हणून ताईंचा मुक्काम हॉस्पिटलात नाही, खेड्यातल्या या चर्चमध्ये होता.

एक आई चार वर्षांच्या मुलाला मांडीवर आडवं घेऊन भरवत होती. त्याची मान मागे ताणलेली, मुठी आवळलेल्या, अंगठे आत. चमचा गेला की ठसका. मान अशी मागे असली की घास श्वासनलिकेत उतरू शकतो, आणि मग न्यूमोनिया पुन्हापुन्हा होऊ शकतो.

ताईंनी आधी तिच्या हातातला कप हुंगला. नाचणी! तिकडे नाचणीला विंबी म्हणतात, आणि पेजेला उजी. कोकणातल्या आजोळी खाल्लेली पेज ताईंना तिथे भेटली.

मग मुलाला उठवून बसवलं. कंबर वाकलेली, पावलं टेकलेली, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून, खालच्या बाजूने. तो गिळेपर्यंत थांबायचं. "पोले पोले," आई स्वतःच म्हणाली. म्हणजे सावकाश. तीन चमचे गेले, ठसका नाही. चौथ्याला ताईंनी चमचा आईच्या हातात दिला.

मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, चमचा परत देणं. तीन आठवड्यांसाठी येणारी टीम कितीही कुशल असो, ती निघून जाते, आणि ताणून मोकळे केलेले स्नायू काही दिवसांत पुन्हा आखडतात. दान आलेल्या खुर्चीचं चाक मोडलं तर त्या गावात सुटा भाग मिळत नाही. रद्दी आणि पीठ मात्र मिळतं.

त्या आईने जाताना दुभाष्याला हळूच विचारलं, "माझ्या हातून कुठलं पाप झालं होतं?"

ताईंनी हा प्रश्न गोवंडीत मराठीत ऐकला आहे, कितीदा तरी. त्यांनी तिला शुभवर्तमानातला जन्मांध माणूस सांगितला. कुणाच्या पापाने हा असा जन्मला, असं शिष्य विचारतात. याच्याही नाही आणि आईबापांच्याही नाही, असं येशू म्हणतो. रविवारी पाळकांनी तोच उतारा वाचला. आई त्या दिवशी पहिल्या बाकावर बसली होती, मुलगा मांडीवर, सरळ बसवलेला.

[पुन्हा भायखळा. गच्चीवर वाळलेली खुर्ची.]

ही खुर्ची केनियाला जाणार नाही. माप गोवंडीच्या एका मुलाचं आहे. त्याच्या आजीनेच ते सुतळीने घेतलं, नितंबापासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी गाठ मारली.

आज तो पहिल्यांदा तिच्यात बसतोय. आजीने डब्यातून पेज आणली आहे.

"आजी, हनुवटी खाली राहू द्या."

"ठाऊक आहे गं मला आता."

आजी फुंकर घालते. चमचा खालून पुढे नेते, आणि थांबते.