टायरवरची ट्राम

नमस्कार श्रोतेहो.

ट्राम म्हटलं की डोळ्यांआधी कानांना आठवण येते. वळणावर लोखंडावर लोखंड घासल्याचा तो कर्रर्र आवाज! मुंबईत १९६४ पर्यंत ट्राम होती, तेव्हा काहींच्या कानांत तो अजून असेलही. आज सांगतोय त्या ट्रामची गाठ मात्र रबराशी आहे.

गाव क्लेरमाँ-फेराँ. फ्रान्सच्या मध्यावर, निजलेल्या ज्वालामुखींच्या रांगेला लागून. इथलं कॅथेड्रलसुद्धा ज्वालामुखीच्या काळ्याभोर दगडाचं. आणि टायर बनवणारी मिशेलिन कंपनी इथलीच, १८८९ पासूनची. अशा गावात २००६ साली नवी ट्राम आली, ती टायरवरच आली. तिचं नाव ट्रान्सलोर.

रचना मोठी मजेदार आहे. वाटेच्या मधोमध एकच रूळ पुरलेला. गाडीच्या प्रत्येक आसाजवळ पोलादी चाकांच्या छोट्या तिरप्या जोड्या, चिमटीत दोरी धरावी तशा त्या रुळाला धरून असतात. ओझं सगळं टायरवर, वेसण तेवढी रुळाच्या हाती. चालकापुढे स्टिअरिंग नाहीच. त्यानं वेग आणि ब्रेक सांभाळायचा. ट्रॉलीबसला, म्हणजे वरच्या तारेतल्या विजेवर धावणाऱ्या बसला, डोक्यावर दोन तारा लागतात, कारण टायरमधून वीज परत जाऊ शकत नाही. इथे वर एकच तार पुरते, परतीची वाट मधला रूळ देतो. रबराची पकड अशी, की शंभर मीटरला तेरा मीटरचा चढही ही गाडी चढू शकते. पोलादी चाकांना तो झेपणं कठीण.

मग सगळीकडे हीच ट्राम का नाही? बस चालताना जराशी इकडे-तिकडे होते, रस्त्याची झीज वाटली जाते. इथे प्रत्येक टायर रोज, दर फेरीला, नेमक्या त्याच वितीवरून जाणार. बैलगाडीच्या वाटेला पडते तशी चाकोरी पडते, अगदी शब्दशः! मग ती खणा, पुन्हा भरा.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. नेहमीची ट्राम चार कारखान्यांतून मागवता येते. ही बनवायचा एकच, फ्रान्सच्याच अल्सास भागातला लोर कारखाना. २०१२ मध्ये हा धंदा अल्स्टॉम या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या कंपनीकडे गेला आणि पुढे उत्पादनच थांबलं. मुलगी दिली आणि माहेरच मिटलं, अशातली गत. मधल्या एका रुळावर चालणारी, पण वेगळ्या घराण्याची गाडी नान्सी आणि काँ या शहरांनीही घेतली होती. काँनं ती २०१७ साली काढून टाकली आणि दोन वर्षांत साधी पोलादी ट्राम आणली. नान्सीची २०२३ मध्ये थांबली.

क्लेरमाँची मात्र चालू आहे. तिथल्या जोद चौकात कधी उभे राहिलात, तर गाडी येण्याआधी खाली बघा. मधोमध तो एकटा रूळ, आणि त्याच्या दोन्ही अंगांना टायरची वाट.