मॉर्गन : लाकडाचा हिशेब

मंडळी, मॉर्गन ही इंग्लंडमधली स्पोर्ट्स कार बनवणारी छोटी कंपनी. तिचं नाव काढलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "ती गाडी लाकडाची असते म्हणे?" चासी, म्हणजे गाडीचा खालचा मुख्य पाया, कधीच लाकडाची नव्हती, ती धातूचीच. तिच्यावर ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा उभा करतात आणि त्यावर पत्रा चढवतात. हे लाकूड शंभर वर्षांनंतरही का टिकलं, ते आज सांगायचंय.

हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन हा पाद्र्याचा मुलगा. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या टेकड्यांपाशी त्याचं गॅरेज होतं. 1909 साली माल्व्हर्न कॉलेजातल्या इंजिनिअरिंगच्या मास्तरांची मदत घेऊन त्याने एक तीनचाकी बनवली. आपल्या रिक्षाच्या बरोबर उलटी, पुढे दोन चाकं आणि मागे एक. पुढचं प्रत्येक चाक आपापल्या उभ्या दांड्यावर स्प्रिंगसह वरखाली सरकायचं, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला धक्का नाही. ही युक्ती थोडेफार बदल करत कंपनीने 2020पर्यंत वापरली, यावरूनच ती किती पक्की होती ते कळतं.

1911मध्ये दोन सीटची गाडी आली आणि लंडनच्या हॅरॉड्सच्या काचेत जाऊन बसली. तीन चाकं आणि कमी वजन, म्हणून तिला कर मोटारसायकलचा. त्यावर धंदा वाढला. पण 1922मध्ये ऑस्टिन सेव्हन ही स्वस्त, चारचाकी गाडी आली आणि हा फायदा हळूहळू आटला. 1936मध्ये मॉर्गनने 'फोर-फोर' काढली, म्हणजे चार सिलिंडर, चार चाकं. जुनी तीनचाकी 1952पर्यंत तग धरून होती.

इंजिनं मात्र कायम बाहेरची. जॅप, कॉव्हेंट्री क्लायमॅक्स, फोर्ड, पुढे रोव्हरचं व्ही-एट, आता बीएमडब्ल्यू. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉर्गनला इंजिनं पुरवणाऱ्या स्टँडर्ड कंपनीचे सर जॉन ब्लॅक यांनी मॉर्गन विकत मागितली. मॉर्गन नाही म्हणाले. मग ब्लॅक यांनी आपल्याच ट्रायम्फ या नावाखाली टीआर-टू ही स्पोर्ट्स कार स्वतः काढली, पण मॉर्गनला इंजिनं देणं थांबवलं नाही. हा मोठेपणा मला फार भावतो.

आता लाकूड. पुण्या-चाकणकडे डायवर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या पोलादी साच्यावर, काम केलेली मंडळी इथे असतील, त्यांना हे लगेच पटेल. दाराचा पत्रा प्रेसवर काढायचा तर आधी डाय लागते, आणि तिचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला तरच परवडतो. आठवड्याला दहाच्या आतबाहेर गाड्या करणाऱ्याने तो कुणावर वाटायचा? सुताराला डाय लागत नाही. मागच्या चाकावरची कमान बघा. ॲशच्या तीन पातळ पट्ट्या, मध्ये सरस, आणि सगळं साच्यात घालून चहूबाजूंनी क्लॅम्पने आवळायचं. सरस वाळला की बाक कायमचा. वर ॲश चिवट आणि हलकं, हादरे सोसणारं. अपघातात सांगाड्याचा एखादा तुकडा मोडला तर तेवढाच काढून नवा बसवता येतो.

माल्व्हर्नचा कारखाना उतारावर आहे. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये गाडी माणसं हातांनी ढकलत नेत. 1990मध्ये बीबीसीच्या मालिकेसाठी सर जॉन हार्वी-जोन्स तिथे आले. आयसीआयसारख्या अवाढव्य कंपनीचे ते माजी अध्यक्ष. उत्पादन वाढवा, किंमत वाढवा, असं त्यांनी सांगितलं. पीटर आणि चार्ल्स या मॉर्गन बापलेकांनी ते मानलं नाही, आणि कार्यक्रमानंतर मागणी उलट वाढली. मला विचाराल तर बापलेकांचं बरोबर होतं. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत होतं. मंदी आली की रांग आखूड व्हायची, पण कारखाना चालू राहायचा.

2019मध्ये कुटुंबाने बहुसंख्य हिस्सा इटालियन गुंतवणूकदारांना दिला. पुढच्याच वर्षी 1936पासूनची पोलादी चासी बंद झाली. नवी चासी ॲल्युमिनियमची, चिकटवून जोडलेली. पण ती तयार झाली की सुतार येतो आणि तिच्यावर ॲशचा सांगाडा बसवतो.