विश्रांती घेतलेला सेल

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी बॅटरी सदैव हाताशी ठेवली, त्या सर्वांच्या हे परिचयाचे आहे. उजेड पिवळा पडत पडत विझत येतो, आपण वैतागून बॅटरी बंद करतो, आणि तासाभराने बटण दाबावे तर ती पुन्हा बऱ्यापैकी पेटते. ‘सेल जरा चार्ज झाले’, असे मग घरातले कोणीतरी म्हणते. वस्तुतः बाहेरून त्यांत काहीही आलेले नसते; उलट, पडून राहिलेला सेल सावकाश का होईना, आतल्या आत झिजतच असतो. तरीही तो उजेड खराच असतो, आणि तो कुठून आला याचा शोध आज घ्यायचा आहे.

त्यासाठी स्वस्तातला जस्त-कार्बन सेल घेऊ. जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने 1866 मध्ये जो विद्युतघट तयार केला, त्याचाच हा कोरडा वंशज. त्याचा डबा जस्ताचा असतो आणि तो डबाच ऋण अग्र असतो. मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड व कार्बन यांची काळी पूड, आणि डबा व पूड यांच्यामध्ये नवसागराच्या किंवा झिंक क्लोराइडच्या द्रावणाने ओला ठेवलेला थर. कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो, तोच हा नवसागर. कांडी केवळ वीज वाहून नेते. रासायनिक काम पूड करते.

सेल चालू असताना जस्त विरघळते आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन बल्बमधून फिरून काळ्या पुडीत येतात. त्याच वेळी द्रावणातील प्रोटॉन मँगनीज डायऑक्साइडच्या कणांत शिरतात. खरी मेख इथे आहे. कणाच्या पृष्ठभागापर्यंत प्रोटॉन सहज पोहोचतो, पण घन कणाच्या गाभ्याकडे तो फार संथपणे सरकतो. त्यामुळे मोठा प्रवाह ओढला की कणांचे कवच वापरले जाते आणि गाभा बराचसा कोरा राहतो. शिवाय पुडीलगतचे द्रावण अल्कधर्मी होत जाते, जस्तालगत जस्ताचे आयन साचतात, आणि या सर्वांचा परिणाम म्हणून व्होल्टेज घसरते. शाळेच्या पुस्तकांत याचे खापर हायड्रोजनच्या बुडबुड्यांवर फोडलेले असते. व्होल्टाच्या साध्या घटापुरते ते ठीक आहे. इथे मात्र मुख्य अडचण सरकण्याच्या वेगाची आहे.

प्रवाह थांबला तरी हे सरकणे थांबत नाही. कवचातले प्रोटॉन गाभ्याकडे मुरतात, द्रावणातील चढउतार सपाट होतात, आणि पृष्ठभाग पुन्हा काम करण्याजोगा होतो. दुपारच्या उन्हात माना टाकलेले कुंडीतले रोप संध्याकाळी पाणी न घालताही ताठ उभे राहते, कारण कुंडीतलीच ओल तोवर मुळांशी पोहोचलेली असते. सेलचे नेमके तसेच आहे.

टेबलावरच्या या वापरलेल्या पेन्सिल सेलला 10 ओहमचा रोधक (रेझिस्टर) जोडला आहे आणि मीटर 1.0 व्होल्ट दाखवत आहे. आता तार काढतो. काटा क्षणात 1.2 वर गेला, आणि तिथून पुढे मात्र तो गोगलगायीच्या चालीने चढतो आहे. पहिली उडी रासायनिक नव्हे: 0.1 अँपिअरचा प्रवाह सेलच्या सुमारे 2 ओहम अंतर्गत रोधातून जाताना जे 0.2 व्होल्ट खात होता, ते प्रवाह थांबताच परत मिळाले. त्यानंतरची संथ चढण ही आपली विश्रांती.

म्हणूनच, बाजूला काढलेल्या सेलला नुसता मल्टिमीटर लावून ‘भरपूर आहे की’ म्हणणे फसवे ठरते. आपल्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, काही रुपयांत रोधक मिळतो. तो जोडून, सेलकडून काम करून घेत असतानाच व्होल्टेज मोजावे.

सेल संपला की नाही, हे पुष्कळदा उपकरणच ठरवते. कॅमेऱ्याच्या फ्लॅशला एकदम मोठा प्रवाह लागतो, तर भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळाचे सरासरी काम एका मिलिअँपिअरच्याही कितीतरी खाली भागते. म्हणून फ्लॅशने नाकारलेला सेल घड्याळात पुढे कित्येक महिने चालू शकतो. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते, त्यातून आयनांची ये-जा अधिक सुकर होते, आणि त्यामुळे मुळात दमही कमी लागतो व विश्रांतीचा लाभही तितका ठळक दिसत नाही.

सेल उन्हात ठेवण्याच्या जुन्या घरगुती उपायातही तथ्य आहे, कारण उष्णतेने अभिक्रिया आणि सरकणे दोन्ही वेगावतात. परंतु त्याच उष्णतेने जस्ताची गंजही वाढते आणि आतली ओल सुकते, त्यामुळे आज मिळालेल्या उजेडाची वसुली उद्या होते. विस्तवाजवळ तर सेल कधीच नेऊ नये; तो फुटू शकतो. आणि जस्ताचा डबा हाच इंधन असल्याने तो झिजून त्याला भोके पडतात, द्रावण बाहेर येते आणि घड्याळाची पितळी पट्टी खाऊन टाकते; तेव्हा असा उतरलेला सेल घड्याळात लावलाच, तर महिन्या-दोन महिन्यांनी झाकण उघडून त्याच्या बुडाशी ओल आली आहे का, ते पाहावे.