बशीतले सुट्टे

(दृश्य: स्टीलची छोटी बशी, अगदी जवळून. बडीशेप, खडीसाखर, खाली दुमडलेलं बिल.)

ही बशी नीट बघून घ्या. तळहाताएवढी आहे. मुंबईत कुठल्याही उडुप्याकडे जा, जेवण उरकलं की ही समोर येते. पूर्वी ती दोनदा यायची. एकदा बिल घेऊन, एकदा सुट्टे घेऊन. टिप जन्माला यायची ती या दुसऱ्या खेपेत.

(दृश्य: गल्ला. ड्रॉवर उघडतो. बोटं नोटा मोजतात.)

समजा, बिल झालं 380. गिऱ्हाइकाने पाचशेची नोट ठेवली. परत द्यायचे 120. गल्ल्यावर मुरलेला माणूस शंभराची एक नोट ठेवतो आणि वरचे वीस फोडून देतो. दहाच्या दोन, नाहीतर दहाची एक आणि पाचची दोन नाणी. विसाची अख्खी नोट तो सहसा ठेवायचा नाही. अख्खी नोट खिशात जाते, फोडलेल्यातलं काहीतरी मागे राहतं. बडीशेपही उगाच नाही. ती चघळेपर्यंत माणूस उठत नाही, आणि तेवढ्या वेळात त्याचा हात ठरवतो काय ठेवायचं ते. दहा टक्क्यांचा हिशेब कोणी मांडत नसे. जे परत आलं, त्यातलं थोडं सोडलं, एवढंच.

(दृश्य: टेबलावर उभं केलेलं क्यूआरचं कार्ड. गल्ल्याशेजारचा निळा डबा बोलतो: "तीनशे ऐंशी रुपये".)

आता हे ऐका. तीनशे ऐंशी. ना एक रुपया वर, ना खाली. बशी अजून येते, पण एकदाच. यूपीआय आलं 2016 साली, त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि बघता बघता खिशातले सुट्टेच गेले. टिप द्यायची नाही असं कोणी ठरवलं नाही. द्यायची आठवण करून देणारी दुसरी खेप तेवढी बंद झाली. वेटरची वरकमाई घटली.

(दृश्य: दादर पश्चिम, सकाळची गर्दी. डाव्या हातावर कोपरापर्यंत चार प्लेटा रचून चालणारा वेटर.)

हे अण्णा. अण्णा हे नाव नव्हे. उडुप्याकडे वाढणारा कुठल्याही वयाचा असो, मुंबईकर त्याला अण्णाच म्हणतो. हा मुलगा तर ओडिशाचा, जेमतेम बाविशीचा. समोर बसलेले आजोबा त्याच्या चौपट वयाचे, तरी "अण्णा, सांबार आणा जरा" म्हणतात, आणि तोही निमूट आणतो. या सबंध दृश्यात त्याचा उजवा हात बघा. पाण्याचे ग्लास, फडका, ऑर्डरचं पॅड, सगळं त्या एका हाताने चाललंय. डाव्यावर दोन मसाला डोसे, एक उत्तप्पा, एक इडली-वडा. सांबाराचा थेंब सांडत नाही. आम्ही तीनदा चित्रीकरण केलं, तिन्हीदा नाही सांडला.

तो राहतो कुठे ते इथे दिसणार नाही. मालकांनी खोलीत कॅमेरा नेऊ दिला नाही.

(दृश्य: दुपारचे चार. उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, फरशी पुसणारा माणूस.)

टिप का द्यायची, असं विचारलं की अमेरिकेचं उदाहरण हमखास येतं. तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला 2.13 डॉलर दिले तरी चालतं. किमान वेतन 7.25 डॉलर, मधली तफावत टिपेतून भरून निघावी असा हिशेब. 2.13 हा आकडा 1991 पासून हललेला नाही. म्हणून तिथे 15 ते 20 टक्के ठेवतात. ती टिप म्हणजे निम्म्याहून अधिक पगारच असतो. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रातल्या हॉटेलांना किमान वेतन लागू आहे, आणि टिप मिळते म्हणून ते वेतन कापता येत नाही.

मग द्यायची कशाला? मराठीत याला एक जुना शब्द आहे: पोस्त. दिवाळीला पोस्टमनच्या, वॉचमनच्या हातावर आपण पोस्त ठेवतो. त्याला सरकार पगार देतं, सोसायटी पगार देते, हे माहीत असूनही ठेवतो. तिथे हात आखडत नाही. हॉटेलात मात्र आखडतो. गिरगाव-दादरकडच्या आपल्या लोकांची याबाबत ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. खानावळीत वाढणाऱ्या मावशींना कधी कोणी टिप दिली होती? महिन्याचे पैसे दिले की संपलं. सवय तिथली आहे.

(दृश्य: एसी रेस्टॉरंटचं लांबलचक बिल. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.)

मोठ्या हॉटेलात आधी ही ओळ शोधा: सेवाशुल्क. जेवण 1,200 रुपयांचं. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क 120, मग सगळ्यावर पाच टक्के जीएसटी 66. एकूण 1,386. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलं होतं की हे शुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही. हॉटेलमालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. पैसा भांडी घासणाऱ्यापर्यंत पोचतो, असं त्यांचं म्हणणं. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तेव्हा ती ओळ काढायला सांगा, काढत नसतील तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि ओळ निघाली की तेच 120 रुपये हातावर ठेवा. हे दुसरं वाक्य लोक विसरतात.

दहा टक्के, तेही जीएसटीच्या आधीच्या रकमेवर. दीडशेच्या नाश्त्यावर दहा-वीस रुपये पुरतात. उभ्याने वडापाव खाल्लात तर काही नाही.

कार्डावर टिप दिली तर ती आधी मालकाच्या खात्यात जाते. 2016 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा आला होता, आयकराच्या निमित्ताने. न्यायालय म्हणालं, हा पगार नव्हे. पैसा गिऱ्हाइकाचा, मालक फक्त तो पुढे पोचवतो. कधी पोचवतो, हे वेटरलाच विचारा. म्हणून आमचा आग्रह रोख रकमेचा.

(दृश्य: रात्रीचे पावणेबारा. अर्धं शटर खाली. पत्र्याचा डबा टेबलावर पालथा होतो. नाण्यांचा आवाज. निवेदन थांबतं, सहा सेकंद.)

दिवसभराची टिप कोणी एकट्याने खिशात घालत नाही. इथला नियम असा: वेटरला एक वाटा, टेबल पुसणाऱ्याला अर्धा, भांडीवाल्याला अर्धा. मोजणी सगळ्यात जुना वेटर करतो, बाकीचे बघतात. आकडा दाखवू नका म्हणाले, म्हणून कॅमेरा हातांवर आहे.

(दृश्य: नाण्यांच्या चळती. भांडीवाला ओले हात पँटला पुसून आपली चळत उचलतो. पाचचं एक नाणं घरंगळत जमिनीवर पडतं. तिघे वाकतात.)