अर्धा नॅनोमीटर

स्वयंपाकघरातल्यासारख्या अ‍ॅल्युमिनिअमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेले हे पोलादी पात्र दिसायला ओबडधोबड असले, तरी त्याच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा सुमारे दहा लाख कोटी पटींनी कमी आहे. पात्राच्या भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ निघून जावी, यासाठी ते १५० अंश सेल्सिअसच्या आसपास काही दिवस तापवत ठेवावे लागते आणि ती उष्णता सगळीकडे सारखी पोहोचावी म्हणून हे फॉइल. आतला दाब आहे त्याच्या दहा हजार पट झाला, तरी स्वच्छ केलेला पृष्ठभाग काही सेकंदांतच उरल्यासुरल्या वायूंनी झाकला जाईल.

खिडकीतून दिसणारा, नखाएवढा चकचकीत तुकडा निकेल आणि अ‍ॅल्युमिनिअम यांच्या मिश्रधातूचा एकसंध स्फटिक आहे; त्यावर अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडचा पातळ थर वाढवून तो तपासायचा आहे. नुसते अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते; त्यामुळे त्यावरचा ऑक्साइड सुबक रचनेत बसेल इतके ते तापवता येत नाही. ही मिश्रधातू मात्र १६०० अंशांपर्यंत टिकते. सुमारे २७५ अंशांना तिच्यावर थोडा ऑक्सिजन सोडला आणि नंतर ती अशी नारिंगी होईपर्यंत तापवली, की दुधावर साय धरावी तसा अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडचा थर तिच्यावर धरतो. त्याची जाडी अर्ध्या नॅनोमीटरवर आपोआप थांबते. हान्स-योआखिम फ्रॉइंड यांच्या गटाने १९९१मध्ये बोखुम इथे या थराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे बर्लिनच्या फ्रित्स हाबर संस्थेत त्यावरचे काम वाढवले.

हिरव्या पडद्यावर उमटलेले हे ठिपके मंद इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाचे, म्हणजे पृष्ठभागावरच्या अणूंच्या रांगांवरून ठरावीक दिशांनी परतलेल्या इलेक्ट्रॉनांचे, आहेत. ते इतके दाट दिसतात, कारण थराच्या रचनेची पुनरावृत्ती खालच्या धातूपेक्षा बऱ्याच मोठ्या अंतराने होते, शिवाय एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा वाटाव्यात असे दोन प्रकारचे पट्टे पृष्ठभागावर शेजारी शेजारी असतात.

आता क्ष-किरणांचा झोत सुरू झाला आहे. उप्सालाच्या काय सीगबान यांना १९८१चे नोबेल पारितोषिक याच तंत्रासाठी मिळाले: ठरावीक ऊर्जेचा, इथे १४८६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, किरण अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो आणि त्या इलेक्ट्रॉनाची गती मोजली, की तो अणूला किती घट्ट बांधलेला होता ते कळते. संगणकाच्या पडद्यावर ७३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ उभे राहिलेले शिखर धातूतल्या अ‍ॅल्युमिनिअमचे, तर त्याच्या पलीकडे ७५च्या आसपासचा उंचवटा ऑक्साइडचा. ऑक्साइडचा जाड ठोकळा ठेवला असता, तर तो विद्युतरोधक असल्याने इलेक्ट्रॉन गमावून धनभारित झाला असता आणि शिखरे जागची सरकली असती. थर इतका पातळ असल्यामुळे खालचा धातू ही तूट तत्काळ भरून काढतो. खऱ्या उत्प्रेरकाची, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणाऱ्या पदार्थाची, भुकटी सोडून असे सोपे रूप का अभ्यासायचे, या जुन्या आक्षेपाला आमच्या मते ही दोन शिखरे पुरेसे उत्तर देतात.

थराची अणुरचना २००५मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी उलगडली. वाहनांच्या धुरातील विषारी वायू निवळणाऱ्या उत्प्रेरकांमध्ये पॅलेडियम धातूचे कण अ‍ॅल्युमिनावरच, म्हणजे याच अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडवर, बसवलेले असतात, म्हणून तेच कण या थरावर बसवून त्यांचीही तपासणी केली जाते.

तपासणी संपली, की आर्गॉनच्या आयनांचा मारा करून हा थर कणांसकट खरवडून काढला जातो आणि स्फटिक पुन्हा तापवायला घेतात.